माळ्यावरून उतरलेली गिटार

नौपाड्यात, चरईत किंवा पाचपाखाडीत एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली, की शेवटच्या महिन्यात घराघरांतले माळे रिकामे होऊ लागतात. पितळी डबे, पाळण्याच्या कड्या, कुणाच्या तरी लग्नातली ट्रंक, आणि कधीकधी या सगळ्याच्या मागून जुन्या चादरीत गुंडाळलेली एक गिटार. ठाण्यात जुन्या गिटारी बहुतेक अशाच बाहेर येतात. माझीही चरईतल्या अशाच एका घरातून आली. तिथले काका एके काळी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मी पैशांचं विचारलं तर काकू म्हणाल्या, "ते नंतर बघू. आधी एकदा वाजवून दाखव." तारा गंजलेल्या, एक तुटलेली. उरलेल्या पाच तारांवर जमेल तेवढं वाजवलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मधेच आत जाऊन गॅस बंद करून आल्या आणि पुन्हा तिथेच उभ्या राहिल्या.

तेव्हापासून माझ्याकडे सर्वांत जास्त वाजते ती हीच गिटार. माझ्याकडची नवी, तिच्या कितीतरी पट किमतीची गिटार भिंतीवर असते आणि हात हिच्याकडे जातो. जुनी गिटार घ्यावीशी वाटणारी बरीच मुलं आता मला विचारायला येतात. त्यांच्याबरोबर घरोघरी जाऊन गिटारी तपासताना जे कळत गेलं, ते इथे क्रमाने लिहितो.

१. कशासाठी हवी, ते आधी ठरवा

जुन्या गिटारींची दोन वेगळी जगं आहेत आणि नवखा माणूस त्यांची गल्लत करतो. एक जग संग्राहकांचं. त्यात गिब्सनची लेस पॉल १९५२ साली आली, फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर १९५४ साली आली, जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने विकत घेतली, या तारखांना रुपयांत मोल असतं. सीबीएसच्या आधीची गिटार वेगळ्या भावाने जाते. या जगात स्क्रू बदललेला असला, आतल्या वायरचं सोल्डरिंग नव्याने केलेलं असलं, तरी किंमत उतरते.

दुसरं जग वाजवणाऱ्यांचं, आणि त्याचे नियम जवळजवळ उलटे. इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९७० साली नॅशव्हिलमधल्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकॅस्टर घेतल्या, काही मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तीनमधले सगळ्यांत चांगले भाग जोडून स्वतःसाठी एक गिटार बांधली. तिचं नाव 'ब्लॅकी'. संग्राहकाच्या काट्यावर ती तीन गिटारींचं जोडकाम. तरी वर्षानुवर्षं ती त्याच्या गळ्यात होती, आणि २००४ च्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले. ती किंमत त्या हातांची होती. 'क्वीन' बँडच्या ब्रायन मेने तर १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली, तिच्या नेकला, म्हणजे लांब दांड्याला, एका जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरलं, आणि आयुष्यभर तीच वाजवली.

तुम्ही वाजवण्यासाठी घेताय असं मी धरून चालतो. मग ती किती साली बनली याला दुय्यम महत्त्व आहे. लाकूड जुनं म्हणून आवाज चांगला, असं होत नसतं. चाळीस वर्षांपूर्वी निष्काळजीपणे बनवलेली गिटार आज चाळीस वर्षांची निष्काळजी गिटार असते. हातात कशी बसते आणि सुरात राहते का, एवढं पाहायचं.

आपल्याकडे माळ्यावरून काय निघतं, तेही सांगतो. कोलकात्यात बनलेल्या अकूस्टिक गिटारी सर्वांत जास्त. त्यानंतर कुणाच्या तरी मामाने आखातातून किंवा जपानहून आणलेली यामाहा. तिची एफजी मालिका १९६६ पासूनची आहे आणि चांगल्या अवस्थेत मिळाली तर दुसरा विचार करू नका. कधी तलावपाळीजवळच्या चर्चच्या गायकवृंदात वाजवणाऱ्या एखाद्या कुटुंबाकडे जुनी स्पॅनिश, म्हणजे नायलॉन तारांची गिटार असते. इथे एक सावधगिरी. लेबल नीट वाचा. गिव्हसन ही कोलकात्याची कंपनी, अमेरिकेतली गिब्सन वेगळी. हॉबनर कोलकात्याची, हॉफनर जर्मनीची. घरचे लोक फोनवर प्रामाणिकपणे "गिब्सन आहे" असं सांगतात, कारण घरात तसंच ऐकत आलेले असतात. गिव्हसन निघाली म्हणून नाराज होऊ नका. माझी कोलकात्याचीच आहे. फक्त किंमत त्या नावाची द्या.

२. बघायला जाताना

सोबत न्या: मोबाइल (टॉर्च आणि ट्यूनरसाठी), दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा, स्टीलची पट्टी, एक पातळ कागद, आणि तारांचा नवा सेट. आरसा सर्जिकल सामानाच्या दुकानात सहज मिळतो. शक्यतो दिवसाउजेडी जा. ट्यूबलाइटखाली बारीक तडे लपतात.

३. वाजवण्याआधी निरखा

पिशवी किंवा केस उघडल्याबरोबर वास घ्या. सुक्या लाकडाचा, जुन्या कपाटासारखा वास चांगला. कुबट, ओल्या पोत्यासारखा आला तर आत बुरशी आहे आणि सांधे सुटले असण्याची शक्यता मोठी.

मग गिटार बाजूने डोळ्यांच्या रेषेत धरा आणि ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीच्या, मागचा भाग बघा. स्टीलच्या सहा तारा मिळून साधारण ७० किलोचा ताण देतात. इतकी वर्षं हा ताण सोसून टॉप, म्हणजे बॉडीची पुढची फळी, थोडा फुगतोच, त्याला घाबरू नका. फुगवटा ठळक असेल आणि ब्रिज पुढच्या अंगाला कलला असेल तर मात्र थांबा. पातळ कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहा. कागद आत शिरला तर ब्रिज उचलला गेलाय. हे काम होण्यासारखं आहे, पण खर्चाचं आहे, म्हणून किंमत ठरवताना ते मोजा.

नायलॉन तारांच्या गिटारीला कुणी स्टीलच्या तारा चढवल्या असतील, तर ही मोडतोड हमखास दिसते. आपल्याकडे ही चूक फार होते. नायलॉनच्या तारांचा ताण स्टीलच्या जवळपास निम्मा असतो, आणि ती गिटार तेवढ्यासाठीच बांधलेली असते. ओळखायचं सोपं आहे: डोक्याला दोन लांब खाचा असतील, तारा ब्रिजला गाठ मारून बांधलेल्या असतील आणि नेक रुंद असेल, तर ती नायलॉनची.

आता नेक. फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. पहिल्या फ्रेटवर आणि बॉडी जिथे सुरू होते तिथल्या फ्रेटवर जाडी तार एकाच वेळी दाबून धरा. सातव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसली पाहिजे. जास्त फट म्हणजे नेक पुढे वाकला आहे, अजिबात फट नसेल तर मागे. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला वाक सावरणारा धातूचा गज, असेल तर हे सुधारता येतं. कोलकात्याच्या जुन्या गिटारींत फिरवता येणारा रॉड असेलच असं नाही. आणि असला तरी नवख्याने जुन्या गिटारीतल्या रॉडचा गंजलेला नट स्वतः पिळू नये. तुटला की नेकच उघडावा लागतो.

त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पट्टीने मोजा. जाड्या तारेची २.५ मिलिमीटर आणि बारक्या तारेची २ मिलिमीटरच्या आसपास असली तर उत्तम. ४ च्या वर असेल तर ब्रिजवरच्या सॅडलकडे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पातळ पट्टीकडे, बघा. सॅडल भरपूर वर आलेला असेल तर घासून ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली आणता येईल. सॅडल आधीच घासून घासून संपलेला आणि तरी तारा उंच, तर नेकचा कोन बिघडला आहे. तो नीट करायचा म्हणजे नेक काढून पुन्हा बसवायचा. साध्या गिटारीवर हा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त होतो. अशी गिटार आवडली तरी सोडा.

फ्रेट बघताना घाई करू नका, कारण मला स्वतःला सर्वांत जास्त आवडतो तो भाग हाच. तारांखाली फ्रेटच्या धातूवर खाचा पडलेल्या असतात, आणि त्या खाचा आधीचा माणूस काय वाजवत होता ते सांगतात. पहिल्या तीन फ्रेटवरच खाचा असतील तर तो सुरुवातीच्या कॉर्डवर गाणारा. काकांच्या गिटारीवर पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर, बारक्या दोन तारांखाली खोल खाचा आहेत, आणि त्यांच्यामधलं शिसवी लाकूड नखाने बशीसारखं खोलगट झालंय. ते कॉर्ड धरून बसणारे नव्हते, गाण्यांमधल्या सुरावटी वाजवायचे. हे मला कुणी सांगितलं नाही, त्या गिटारीने सांगितलं. नंतर काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो, मधली म्युझिकं तेच वाजवायचे." वापराची गोष्ट म्हणजे, खाचा उथळ असतील तर फ्रेट घासून सारखे करता येतात. खोल असतील तर नवे घालावे लागतात.

शेवटी आरसा आणि टॉर्च साउंडहोलमधून आत घाला. टॉपच्या खालच्या बाजूला लाकडी पट्ट्या असतात, त्यांना ब्रेसिंग म्हणतात. एखादी सुटली आहे का ते बघा, आणि बाहेरून बोटाच्या पेराने टॉप हलकेच ठोकत जा. सगळीकडे एकसारखा, भरीव आवाज यायला हवा. एखाद्या जागी खळखळ आली तर तिथली पट्टी सुटलेली आहे. भुसा पडलेला दिसला तर कीड आहे का ते तपासा. मी पहिल्यांदा आरसा आत घातला तेव्हा टॉपच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा आणि एक सही दिसली. कारखान्यातल्या कुणा कारागिराची असणार. बाहेरून चाळीस वर्षं ती कुणालाच दिसली नव्हती.

४. मग वाजवा

शक्य असेल तर परवानगी घेऊन नव्या तारा चढवूनच वाजवा. जुन्या, गंजलेल्या तारांवर कुठलीच गिटार खरी बोलत नाही. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा तरी दाबा. बाराव्या फ्रेटवर तारेला हलका स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच तार दाबून निघणारा सूर ट्यूनरवर जुळायला हवेत. थोडा फरक चालेल, बराच फरक असेल तर वरच्या फ्रेटवर ती कायम बेसूर वाटेल.

यानंतर पट्टी, ट्यूनर, मोबाइल सगळं बाजूला ठेवा आणि दहा मिनिटं तुम्हाला येतं ते वाजवा. हात स्वतःहून पुढचं गाणं सुरू करतो की थांबतो, ते बघा. तपासणीत उत्तम ठरलेल्या दोन गिटारी मी या टप्प्यावर सोडल्या आहेत.

५. इलेक्ट्रिक असेल तर

प्लग लावून आवाजाची बटणं फिरवा. खरखर आली तर बहुतेक वेळा आतले पॉट, म्हणजे त्या बटणांखालचे फिरते भाग, मळलेले असतात, कॉन्टॅक्ट क्लीनरने काम भागतं. पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग) मेला असल्याची शंका आली तर मल्टिमीटरने रोध मोजा. स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइल पिकअपचा सुमारे ५.५ ते ६.५ किलोओहम, दोन कॉइलच्या हंबकरचा साधारण ७ ते ८.५ किलोओहम भरतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे.

अमेरिकन गिटार म्हणून कुणी मोठी किंमत सांगत असेल तर पॉटच्या पाठीवर उमटवलेला आकडा वाचा. १३७६६३३ असं असेल तर १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहतिसावा आठवडा. गिटार १९६० ची म्हणून सांगितली आणि पॉट १९६६ चे, तर प्रश्न विचारा. पॉट बदलले जातात, म्हणून एवढ्यावर खोटेपणाचा शिक्का मारू नका. जॅक, पॉट, स्विच असं सुटं सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं.

इलेक्ट्रिक असो वा अकूस्टिक, परदेशातल्या नातेवाइकाकडून जुनी गिटार मागवणार असाल तर एक कायदा ठाऊक असू द्या. मार्टिन कंपनी १९६९ पर्यंत तिच्या भारी गिटारींना ब्राझिलियन रोझवूड वापरायची. १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या रक्षणाच्या कराराची कडक बंदी आहे, त्यामुळे कागदपत्रांशिवाय ती गिटार सीमेवर अडकू शकते. १९६९ नंतर मार्टिनने जे लाकूड धरलं ते भारतीय रोझवूड, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही उगवणारं शिसव. शिसवाच्या तयार वाद्यांना २०१९ पासून साइट्सच्या परवान्यातून सूट आहे.

६. दुरुस्ती: किती आणि कुणाकडून

घरी आणल्यावर पहिलं काम सेटअपचं: नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी), सॅडल, फ्रेट आणि तारांची उंची. ठाण्यातल्या बऱ्याच दुकानांत तारा चढवणं आणि साधं ट्यूनिंग होतं. फ्रेटचं आणि ब्रिजचं काम मात्र ज्याचा तोच धंदा आहे अशा माणसाकडेच द्या. त्यासाठी धोबी तलावपर्यंत जावं लागलं तरी जा. सीएसएमटीला उतरून चालत अंतर आहे. काम देण्याआधी त्याने फ्रेट घातलेली एक गिटार हातात घ्या आणि नेकच्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला टोचलं तर दुसरा माणूस शोधा.

आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगतो: रंग काढू देऊ नका. माझी दुसरी जुनी गिटार मी एका दुरुस्तीवाल्याकडे फक्त ब्रिजसाठी दिली होती. आठवड्याने गेलो तर त्याने तिला घासून, जाड चकचकीत पॉलिश मारून ठेवलेलं. त्याला वाटलं मला आनंद होईल. मनगट टेकून टेकून जिथे रंग उडाला होता ती जागा पुसली गेली, आणि त्या जाड थराखाली टॉपचा आवाज दबला. तो आवाज परत आला नाही. मी काम देताना "रंगाला हात लावू नका" असं लिहून दिलं नव्हतं. आता प्रत्येक वेळी चिठ्ठी लिहून केसमध्ये चिकटवतो.

अमेरिकन गायक विली नेल्सनने १९६९ साली घेतलेल्या मार्टिनला नाव दिलं 'ट्रिगर'. ती नायलॉन तारांची, तिला पिकगार्ड (पिकच्या ओरखड्यांपासून टॉप वाचवणारी पट्टी) नाही, आणि तो पिकने वाजवतो. वाजवून वाजवून साउंडहोलच्या शेजारी टॉपला आरपार भोक पडलं. कारागिराने आतून ते सांभाळलं, आजूबाजूच्या पट्ट्या मजबूत ठेवल्या, पण भोक बुजवलं नाही. आयरिश गिटारवादक रोरी गॅलघरची १९६१ ची स्ट्रॅटोकॅस्टर बघा, तिचा रंग जवळजवळ सगळा गेलेला आहे आणि लाकूड उघडं पडलंय. जे मोडलंय आणि वाजण्याच्या आड येतंय तेवढंच दुरुस्त करायचं. बाकी खुणा राहू द्यायच्या.

तडा मात्र वाट बघत नाही. तो लगेच दाखवा, आणि तोवर तारा सैल करा. घरी इन्स्टंट गोंद ओतू नका. तो लाकडात शिरून बसतो आणि पुढच्या कारागिराचं काम अवघड करतो.

जुन्या अकूस्टिकवर हलक्या तारा वापरा. मी ११ नंबरचा सेट चढवतो. ताण कमी होतो, टॉपचा फुगवटा वाढत नाही.

७. ठाण्याचा पावसाळा

खाडी एका बाजूला, येऊरचे डोंगर दुसऱ्या बाजूला, आणि जून ते सप्टेंबर हवा ओल्या टॉवेलसारखी. गिटारीला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे भर पावसात ती ८० च्या वर राहते. लाकूड पाणी पितं, टॉप फुगतो, तारा वर उचलल्या जातात. मे महिन्यात लोण्यासारखी वाजणारी गिटार जुलैत बोटं सोलते, आणि नवख्याला वाटतं आपल्यालाच जमेनासं झालं.

उपाय असे. बाहेरच्या भिंतीला गिटार टांगू नका, पावसाळ्यात ती भिंत आतूनही ओली असते. केसमध्ये ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या दोन मोठ्या पुड्या टाका. रंग बदलणारी नारिंगी जात घ्या, ओलावा भरला की ती हिरवट पडते. मग स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या पातेल्यात मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येते. केसमध्ये छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, ठेवा. पावसातून घरी आल्यावर ओली केस तशीच बंद ठेवू नका. गिटार बाहेर काढा, केस पंख्याखाली उघडी पसरून ठेवा. वाळत घातलेल्या कपड्यांच्या खोलीत गिटार नको. एसी लावत असाल तर हवेचा थेट झोत तिच्यावर येऊ देऊ नका.

वाजवून झालं की सुती फडक्याने तारा आणि नेकची मागची बाजू पुसा. आपल्याकडच्या घामाने तारा दोन आठवड्यांत काळ्या पडतात. शिसवी फिंगरबोर्डला वर्षातून एकदोनदा लेमन ऑइलचा एक थेंब फडक्यावर घेऊन लावा, लगेच पुसून घ्या. मेपलच्या, पॉलिश केलेल्या फिंगरबोर्डला तेल लावायचं नाही. खूप जुन्या गिटारीवर नायट्रोसेल्युलोजचा लॅकर असतो. रबराचा स्टँड त्याला चिकटून डाग पाडतो, म्हणून टेकायच्या जागी सुती कापड गुंडाळा.

उन्हाळ्यात धोका वेगळा असतो. घोडबंदर रोडला गाडी अर्धा तास उन्हात उभी राहिली, आत गिटार असली, तर गोंद मऊ होऊन ब्रिज सुटू शकतो. गिटार गाडीत सोडून जेवायला जाऊ नका.

महिनाभर वाजवणार नसाल तर सगळ्या तारा अर्धा ते एक सूर खाली उतरवून ठेवा. पूर्ण ढिल्या करू नका. नेकला थोडा ताण लागतो.

८. एक वही

केसच्या खिशात छोटी वही ठेवा. तारा कधी बदलल्या, कोणत्या नंबरच्या, ॲक्शन किती होती, कोणी काय दुरुस्त केलं, हायग्रोमीटरचा आकडा. दोन पावसाळे गेले की तुमच्या गिटारीचा स्वभाव त्या पानांतून कळतो. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर काकांनी ती कधी आणि कुठून घेतली, ते काकूंना विचारून लिहिलंय. इमारत पाडल्यावर काकू कळव्याला राहायला गेल्या. गणपतीत त्यांच्याकडे जातो तेव्हा गिटार सोबत नेतो. तिथे पोचल्यावर आधी ट्यूनिंग तपासतो, कारण खाडीचा पूल ओलांडेपर्यंत पहिली तार उतरलेली असते.